पदवीची खूण : अंगठी, झगा आणि मुंबईचे पदवीधर

विद्या ही डोळ्यांना दिसणारी वस्तु नव्हे. एकानें दहा वर्षें अध्ययनांत घालविलीं आणि दुसऱ्यानें तोच काळ चकाट्या पिटण्यांत दवडला, तरी रस्त्यानें चालतांना दोघांत कांहीं भेद दिसत नाहीं. म्हणूनच विद्येला एखादी बाह्य खूण असावी, अशी इच्छा मनुष्याला फार प्राचीन काळापासून होत आलेली आहे. अमेरिकेंत ही इच्छा अंगठीच्या रूपानें प्रकट झाली. तेथील कॉलेजचा विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या अखेरीस एक जाडजूड अंगठी करवून घेतो. तिच्या मध्यभागीं रंगीत खडा, भोंवतीं कॉलेजचें नांव आणि बाजूस पदवीचें वर्ष व संस्थेचें चिन्ह कोरलेलें असतें. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत १८३५ सालीं या प्रथेचा आरंभ झाला असें मानतात. पुढें ती इतर कॉलेजांत व शाळांतही पसरली आणि अंगठ्या घडविणाऱ्या कारखान्यांचा तो एक भरभराटीचा व्यापारच होऊन बसला.

गिरगांव, दादर, परळ या भागांतील कितीतरी मुलें आज शिक्षणासाठीं त्या देशांत जातात. अशा मुलानें घरीं विचारलें कीं, ‘सर्व मित्र अंगठी घेत आहेत, मीही घ्यावी काय?’ तर वडील माणसांनीं काय उत्तर द्यावें? सोन्याचा भाव पाहून नकार देणें सोपें आहे; मुलाची हौस पाहून होकार देणें त्याहूनही सोपें आहे. परंतु या प्रश्नाचा खरा निकाल लावावयाचा असेल, तर मुंबई शहराच्या विद्येचा इतिहास साक्षीला बोलाविला पाहिजे. या शहरांत अशा अंगठीची चाल कधीं रूढ झाली नाहीं. परंतु पदवीची खूण कोणती, ती कोणी द्यावी, कोणी ल्यावी आणि तिच्यापायीं किती खर्च करावा, हा प्रश्न येथें दीडशेंहून अधिक वर्षें निरनिराळ्या रूपांनीं पुढें येत राहिला आहे.

प्रथम अंगठीचाच विचार करूं गेल्यास तिचीं तीन कार्यें दिसतात. पहिलें कार्य ओळख पटविण्याचें. अशोकवनांतील सीतेला मारुतीचा विश्वास वाटेना, तेव्हां त्यानें श्रीरामाची मुद्रिका पुढें केली; आणि दुष्यंताला शकुंतलेचें विस्मरण झालें तें अंगठी सांपडल्यावर दूर झालें. दुसरें कार्य भूषणाचें. त्याविषयीं अधिक सांगावयास नकोच. तिसरें कार्य मात्र या दोहोंहून वेगळें आहे. धर्मकृत्याला बसतांना यजमान बोटांत दर्भाचें पवित्रक घालतो. त्याची किंमत शून्य, सौंदर्य बेताचें; परंतु तें बोटांत असेपर्यंत हातून हेंच कार्य घडलें पाहिजे, अशी ती एक गांठ असते. कार्य संपलें कीं पवित्रक सोडून टाकावयाचें. ओळख, भूषण आणि बांधिलकी अशीं हीं तीन मापें हातीं घेऊन पदवीच्या खुणांकडे पाहिलें म्हणजे त्यांचा खरा मोल समजूं लागतो.

आपल्याकडील प्राचीन पद्धतींत विद्येच्या समाप्तीला समावर्तन म्हणत. गृह्यसूत्रांत त्याचें वर्णन आहे. ब्रह्मचारी विधिपूर्वक स्नान करी; मग मेखला व अजिन टाकून नवीं वस्त्रें, कुंडलें, माळ, पागोटें, जोडे, छत्री आणि काठी धारण करी. पदवीधराला आज आपण स्नातक म्हणतों, तो शब्द या स्नानावरूनच आलेला आहे. तेव्हां विद्यार्थ्यानें शेवटीं कांहीं अलंकार अंगावर घालावे, ही कल्पना परकीय खास नव्हे. मात्र तेथें एक क्रम ठरलेला होता. आधीं गुरूची अनुज्ञा व गुरुदक्षिणा आणि मग कुंडलें. ऋण फेडण्याचें स्मरण पुढें, शोभा मागें. शिवाय हा सर्व सोहळा समाजांतील थोड्याच वर्णांना मोकळा होता. बहुसंख्य लोकांना विद्येचीच बंदी, तेथें तिच्या अलंकारांची कथा काय? ही गोष्ट विसरल्यास पुढील इतिहासाचा अर्थच लागणार नाहीं.

मुंबईंत नव्या विद्येची पहिली मोठी खूण वैद्यकाच्या क्षेत्रांत दिसते. भायखळ्याचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें आणि १८५१ सालीं त्यांतून पहिले आठ विद्यार्थी परीक्षा उतरून बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, डॉ. आत्माराम पांडुरंग होते. पारशी व ख्रिस्ती विद्यार्थीही होते. तेव्हां मुंबईला विद्यापीठ नव्हतें. म्हणून हे पदवीधर आपल्या नांवापुढें ‘जी. जी. एम. सी.’, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर, हीं चार अक्षरें लिहीत. हीं अक्षरें ओळख पटविण्याच्या कामीं आवश्यकच होतीं. रोग्यानें कोणाच्या हातीं नाडी द्यावी, हें ठरविण्यास त्याला दुसरें साधन कोणतें? परंतु भाऊ दाजींचें नांव आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला दिलेलें आहे, तें त्या चार अक्षरांमुळें नव्हे. कुष्ठरोगावरील औषधाचा त्यांनीं केलेला शोध, गोरगरिबांची चिकित्सा, प्राचीन शिलालेखांचें वाचन, यांमुळें तें नांव राहिलें. डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकारानें १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थना समाज स्थापन झाला. अक्षरांनीं दार उघडलें. आंत जाऊन काम त्यांनीं स्वतः केलें.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. त्यामुळें पदवी, पदवीदान-समारंभ, काळा झगा व पाठीवरचा रंगीत पट्टा हीं सर्व सामग्री समुद्रापलीकडून तयारच आली. १८५९ सालीं पहिली प्रवेश-परीक्षा झाली, तिलाच पुढें घरोघर मॅट्रिक हें नांव पडलें. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांतूनच पुढें १८६२ सालीं बी. ए. चे पहिले चार पदवीधर निघाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला स्वतःचें सभागृह नव्हतें. पहिला पदवीदान-समारंभ टाऊन हॉलमध्यें झाला.

या झग्याकडे त्या काळच्या लोकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल? अंगरख्यावर काळा झगा आणि डोक्यावर आपलें घरचें पागोटें, असें हें मिश्रण. मुंबईच्या उष्ण्यांत त्याची गैरसोय उघडच होती. परंतु तो झगा कोणी विकत घेऊन रोज मिरवावयाचा नव्हता. सर्वांना सारखा, एका समारंभापुरता, कुलपतींच्या समोर अंगावर घालावयाचा आणि घडी करून ठेवावयाचा. पुढें तर तो एका दिवसाच्या भाड्यानेंच आणण्याची पद्धत पडली. तोच झगा सावकाराच्या मुलाच्या अंगावर आणि तोच कारकुनाच्या मुलाच्या अंगावर! अंगठीच्या बाबतींत मात्र एकाची सोन्याची, दुसऱ्याची चांदीची आणि तिसऱ्याचा हात रिकामा, असा भेद परीक्षेच्या निकालानंतरही शिल्लक राहतो. परीक्षेनें ज्यांना एका रांगेंत बसविलें, त्यांना अंगठी पुन्हां बापाच्या मिळकतीप्रमाणें वेगळें करते, हा तिच्यावरील पहिला आणि मोठा आक्षेप होय.

त्या पहिल्या चौघांच्या विद्यार्थिदशेंत आणखी एक मार्मिक गोष्ट आढळते. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जात असे. राज्य गेल्यावर त्या रकमेचा कांहीं भाग इंग्रज सरकारनें नव्या शिक्षणाकडे वळविला आणि कॉलेजांत दक्षिणा-फेलो नेमले जाऊं लागले. रानडे व भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. कनिष्ठ फेलोला दरमहा ६० रुपये व वरिष्ठ फेलोला १२० रुपये मिळत, आणि खालच्या वर्गांना शिकविण्याचें काम त्यांच्याकडे असे. म्हणजे हा मान विद्यार्थ्याच्या खिशांतून पैसे काढीत नव्हता, तर त्यांत घालीत होता. आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्याकडून काम करून घेत होता. रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, ती मुख्याध्यापक सर अलेक्झांडर ग्रँट यांना रुचली नाहीं आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. मान हिरावून घेतला गेला. तथापि विद्या जागच्या जागीं राहिली. पुढें १८९३ सालीं तेच रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले आणि त्याच वर्षीं भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

ज्यांच्याजवळ सोनें होतें त्यांनीं त्या काळीं तें विद्येच्या कामीं कसें लाविलें, हेंही पाहण्याजोगें आहे. गिरगांवांतील नाना शंकरशेट १८६५ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवाची संस्कृत शिष्यवृत्ति मॅट्रिकच्या परीक्षेंत पुढें इतकी प्रतिष्ठा पावली कीं, ‘शंकरशेट स्कॉलर’ ही एक पदवीच होऊन बसली. १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांनीं ती मिळविली होती. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं एक लाख रुपये दिले, त्यांतून विद्यापीठाचें पदवीदान-सभागृह १८७४ सालीं पुरें झालें. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख देऊं केले. आपल्या मातोश्रींचें राजाबाई हें नांव मनोऱ्याला द्यावें, एवढीच त्यांची इच्छा. पुढच्याच वर्षीं कापसाच्या व्यापारांतील तेजी ओसरली आणि प्रेमचंदांचें प्रचंड वैभव कोसळलें. तरी २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं उभा राहिला, आणि त्याच्या पायथ्याशीं असलेल्या ग्रंथालयांत पुढील पिढ्यांनीं अभ्यास केला. खाजगी संपत्ति गेली. विद्येच्या कामीं लाविलेली तेवढी राहिली.

येथवर खुणेची उजळ बाजू दिसली. परंतु खूण मिळाली तरी दार उघडतेंच असें नाहीं, हेंही इतिहास सांगतो. मुंबई विद्यापीठानें १८८३ सालीं स्त्रियांना आपल्या परीक्षा मोकळ्या केल्या आणि थोड्याच वर्षांत कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांचा परीक्षेंतील क्रम विलायतेंतील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ति मिळण्याइतका वरचा होता. परंतु त्या स्त्री असल्यामुळें ती त्यांना नाकारण्यांत आली. शेवटीं हितचिंतकांनीं पैसे जमविले आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. झगा मिळाला, पण पुढच्या शिक्षणाचा खर्च मिळाला नाहीं! अशा वेळीं कोणी त्यांच्या बोटांत रत्नजडित अंगठी घातली असती, तर तिचा उपयोग काय झाला असता? उलट, ज्यांनीं पैसे जमवून त्यांची आगबोटीची सोय केली, त्यांनीं खरें भूषण दिलें. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें, तेव्हां पदव्यांचीं नांवें देखील गृहीतागमा आणि प्रदेयागमा अशीं देशी भाषेंतील ठेविलीं. १९३६ सालीं तें विद्यापीठ मुंबईस आलें. खूण आपल्या माणसांना समजावी, हा त्या नांवांतील हेतु मोठा शहाणपणाचा होता.

आतां परळकडे वळलें पाहिजे. कारण प्रस्तुत प्रश्नावरील सर्वांत बोलका पुरावा तेथेंच सांपडतो. लष्करांतील नोकरी संपवून सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठीं मुंबईस आले आणि परळ भागांतील चाळींत एका खोलींत कुटुंबासह राहूं लागले. त्यांचा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होता. या मुलाला संस्कृत शिकण्याची इच्छा होती; परंतु तो अस्पृश्य म्हणून ती भाषा त्याला शिकूं दिली गेली नाहीं आणि त्याला फारसी घ्यावी लागली. म्हणजे संस्कृताच्या ज्या शिष्यवृत्तीचा उल्लेख वर आला, तिच्या स्पर्धेंत उतरण्याचा मार्गच त्याला बंद होता. हा मुलगा म्हणजेच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नांवानें विख्यात झालेला पुरुष.

बाबासाहेबांनीं आपल्या आठवणी लिहितांना एक प्रसंग सांगितला आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले, तेव्हां त्यांच्या समाजांतील मंडळींना अभिनंदनाची सभा भरवावीशी वाटली. इतर समाजांच्या मानानें हें यश लहान होतें. परंतु त्या समाजांतील तेवढी मजल गांठणारा तो पहिला मुलगा होता. मंडळी रामजींकडे परवानगी मागावयास गेली. रामजींनीं साफ नकार दिला. मुलाचें डोकें उगाच फुगेल. त्यानें केवळ एक परीक्षा उतरली आहे, याहून अधिक काय केलें आहे, असें त्यांचें म्हणणें पडलें. तेव्हां मंडळींनीं कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना गांठलें. केळुसकर हे रामजींचे स्नेही, शिक्षक व ग्रंथकार. त्यांनीं रामजींची समजूत घातली, सभा झाली, केळुसकरांनीं अध्यक्षस्थान स्वीकारलें आणि भाषणाच्या अखेरीस आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातीं दिलें.

या प्रसंगांत तिघांचीं मतें आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. बाप म्हणतो, एका परीक्षेचा बाऊ नको. समाज म्हणतो, आमच्यांतल्या पहिल्या मुलाचा आनंद आम्हांला करूं द्या. आणि शिक्षक दोघांचा मेळ घालतो; तो खूण देतो, परंतु अशी खूण देतो कीं जी अंगावर घालतां येत नाहीं, वाचावीच लागते. त्या पुस्तकाचें वाचन त्या मुलाच्या मनांत किती खोल गेलें, हें १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यांत नागपुरास सर्व जगानें पाहिलें. मुंबईच्या इतिहासांत विद्यार्थ्याला दिलेल्या भेटींमध्यें याहून अधिक फळाला आलेली दुसरी भेट क्वचितच सांपडेल.

त्याच घरांतील दुसरी हकीकत सोन्यासंबंधींची आहे. भीमरावाला पुस्तकें फार लागत आणि रामजींच्या हातीं तुटपुंज्या निवृत्तिवेतनावांचून कांहीं नसे. मुलानें पुस्तक मागितलें कीं रामजी विवाहित मुलींकडे जात. त्यांच्याजवळ पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. वेतन हातीं आलें म्हणजे दागिना सोडवून मुलीला परत देत. अंगठीच्या प्रश्नाला परळच्या या खोलीनें दिलेलें उत्तर असें आहे. विद्येची खूण म्हणून सोनें घ्यावयाचें कीं सोनें देऊन विद्या घ्यावयाची? त्या बहिणींच्या अंगावरील दागिना कांहीं दिवस नाहींसा होई आणि घरांत एक ग्रंथ येई. त्या बहिणींनीं कोणत्याही कॉलेजचें तोंड पाहिलें नव्हतें; परंतु त्या पदवीमध्यें त्यांचा वांटा मोठा होता.

पुढें १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. केळुसकरांच्या खटपटीनें श्रीमंत सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजांतून त्यांनीं बी. ए. ची पदवी घेतली. १९१३ च्या फेब्रुवारींत रामजी वारले. त्याच वर्षीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. कॉलेजच्या अंगठ्यांचा देश तो हाच. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंडांची. तींतून घरीं पैसे पाठवावयाचे आणि स्वतःचा निर्वाह करावयाचा. अशा स्थितींत त्यांनीं पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथांचा मोठा साठा केला. १९१७ सालीं परत येतांना तें ग्रंथांचें सामान वेगळ्या जहाजानें पाठविलेलें होतें; महायुद्ध चालूं होतें, आणि तें जहाज शत्रूनें बुडविलें. तरी ग्रंथसंग्रहाचा नाद सुटला नाहीं. दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांनीं राजगृह बांधलें, तें मुख्यतः ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. १९४६ सालीं त्यांच्या पुढाकारानें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज निघालें आणि दिवसा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं तेथें सकाळचे वर्ग ठेवण्यांत आले.

तथापि यावरून बाह्य खूण सर्वस्वीं टाकाऊ ठरते, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. १९५२ च्या जून महिन्यांत कोलंबिया विद्यापीठानें बाबासाहेबांना सन्मान्य पदवी दिली, तेव्हां त्यांनीं तो झगा अंगावर घेतलाच. पदवीदानाच्या झग्यांतील त्यांचें चित्र आज अनेक घरांच्या भिंतीवर मानानें लाविलेलें असतें. ज्यांना शेंकडों वर्षें विद्येचें दार बंद होतें, त्यांच्या दृष्टीनें तो काळा झगा केवळ मिरविण्याची वस्तु नव्हे. तो एका मोठ्या अन्यायाला दिलेला जबाब आहे. लालबाग-परळच्या चाळींतही हेंच दिसतें. गिरण्यांत पाळी करून रात्रींच्या शाळांत शिकणारे कामगार होऊन गेले, ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें अशा रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कितीतरी कुटुंबें उघडीं पडलीं. अशा घरांतील मुलगी पुढें पदवीधर झाली आणि भाड्याच्या झग्यांतील तिचें छायाचित्र आईनें देवघराशेजारीं लाविलें, तर त्याला पोकळ दिमाख म्हणणाऱ्यानें त्या घराचा इतिहास वाचलेला नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

झगा परका आहे, हा आक्षेपही जुनाच आहे. अलीकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ सालीं आणि पुन्हां २०१९ सालीं विद्यापीठांना सुचविलें कीं, पदवीदानाच्या वेळीं हातमागाच्या वस्त्रांचा पोषाख वापरावा. ही सूचना उचितच होय. विणकरांच्या हातीं चार पैसे पडतील आणि आपल्या हवेला तें वस्त्र मानवेल. परंतु वस्त्र बदललें तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. खूण देशी असो वा विलायती, ती धारण करणारा पुढें काय करणार, हेंच खरें पाहावयाचें असतें.

या दृष्टीनें कॅनडांतील एका अंगठीची हकीकत मुंबईकरांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. तेथील अभियंते शिक्षण संपतांना लोखंडी अंगठी घेतात. तिचा विधि रुड्यार्ड किप्लिंग या ग्रंथकारानें लिहून दिला. तो मुंबईचाच जन्मलेला. त्याचे वडील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते आणि तेथील आवारांतच १८६५ सालीं त्याचा जन्म झाला. प्राध्यापक हॉल्टेन यांनीं १९२२ सालीं त्याला विनंती केली आणि १९२५ सालीं पहिला विधि झाला. १९०७ सालीं क्वेबेकचा पूल बांधतां बांधतां कोसळून ७५ माणसें दगावलीं, त्याच पुलाच्या लोखंडाच्या या अंगठ्या केल्या होत्या, अशी एक दंतकथा आहे. ती खरी नव्हे. परंतु अंगठीचा हेतु त्या दंतकथेला साजेसाच आहे. ती कामाच्या हाताच्या करंगळींत घालावयाची असते, म्हणजे नकाशा काढतांना ती कागदाला घांसते आणि या रेषांवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, याची आठवण देते. तिच्यावर कॉलेजचें नांव नाहीं, पदवीचें वर्ष नाहीं, खडा नाहीं. आपल्या कर्तव्याची शपथ घेतल्यावरच ती मिळते. आपल्या दर्भाच्या पवित्रकाची ही लोखंडी बहीणच म्हणावयाची!

आतां तीं तीन मापें पुन्हां लावून पाहावीं. ओळख पटविण्यासाठीं अंगठीची गरज उरलेली नाहीं. अंगठीवरील नांव पाहून कोणी कोणाला नोकरी देत नाहीं. विद्यापीठाचें प्रमाणपत्र त्या कामाला पुरेसें आहे. भूषण म्हणून पाहिल्यास ती जड, मोठी आणि एका ठराविक वयाला शोभणारी. पुढें बोट जाड झालें म्हणजे ती बोटांत शिरत नाहीं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला अंगठी उतरूनच ठेवावी लागते आणि यंत्रावर काम करणाऱ्याला ती घातक होते. ज्यांच्या विद्येचा संबंध हाताशीं अधिक, त्यांनाच ती कमी वापरतां यावी, हा योग मोठा चमत्कारिक आहे. सामान्यतः तिची अखेरची जागा कपाटांतील डबींत असते. राहिली बांधिलकी. ती अंगठीच्या धातूंत नसते, घेणाऱ्याच्या मनांत असते. आणि तेथें ती असेल तर लोखंडाची अंगठीही पुरते.

म्हणून व्यवहाराच्या दृष्टीनें निर्णय असा द्यावासा वाटतो. फी भरण्यासाठीं कर्ज काढलेलें असेल, घरचा दागिना गहाण पडलेला असेल, तर पहिलें सोनें तें सोडवावयाचें. अंगठीचा विचारही करूं नये. पुस्तकें, पुढील परीक्षा आणि घरचा निर्वाह यांची तरतूद झाल्यावर स्वतःच्या कमाईंतून कोणी साधी, लहान अंगठी घेतली आणि ती पाहून चार वर्षांच्या सोबत्यांची व गुरुजनांची आठवण झाली, तर त्यांत दोष नाहीं. केवळ इतर घेतात म्हणून घेऊं नये. आणि एका वर्गाच्या पन्नास-साठ विद्यार्थ्यांना मिळूनच कांहीं स्मारक करावयाचें असेल, तर अंगठ्यांवर जावयाची रक्कम एकत्र करून कॉलेजांतील एखाद्या गरीब मुलाच्या फीसाठीं अथवा ग्रंथपेढीसाठीं द्यावी. अंगठी एकाच बोटाला येते. ग्रंथपेढींतील पुस्तक दरवर्षीं नव्या हातीं जातें.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या समारंभांत चार बी. ए. होते, आज दरवर्षीं लाखाहून अधिक विद्यार्थ्यांना पदव्या मिळतात. चौघांच्या वेळीं जी खूण दुर्मिळ होती, ती आज सर्वत्र झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. शिक्षण पसरल्याचाच तो पुरावा होय. परंतु खूण जितकी सामान्य होते, तितका धारण करणाऱ्याच्या करणीचा भार वाढतो. परळच्या त्या खोलींत सुभेदार रामजींनीं विचारलेला प्रश्न म्हणूनच अजून शिळा झालेला नाहीं. परीक्षा उतरलास, हें उत्तम. याहून अधिक काय केलेंस? अंगठी घेण्यापूर्वीं प्रत्येक पदवीधरानें हा प्रश्न एकदां स्वतःला विचारावा. ज्याच्याजवळ त्याचें उत्तर तयार होत असेल, त्यानें अंगठी घातली काय आणि न घातली काय, दोन्ही सारखेंच. आणि ज्याच्याजवळ तें अजून नसेल, त्यानें सराफाच्या दुकानापूर्वीं ग्रंथालयाची पायरी चढावी. राजाबाई मनोऱ्याच्या पायथ्याशीं ती दीडशें वर्षांपूर्वींच बांधून ठेविलेली आहे.